फुलेवाड्यात बघण्यासारखं काय आहे?

प्रश्न: सुट्टीत पुण्याला बहिणीकडे जातोय. मुलगी सातवीत आहे, तिला महात्मा फुल्यांचं राहतं घर दाखवायचंय. पण जाऊन आलेले नातेवाईक म्हणतात तिथं काही नाही, रिकाम्या खोल्या नि भिंतीवर चित्रं, दहा मिनिटांत बाहेर येता. खरंच जावं का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर: जा हो, नक्की जा! सामानसुमान बघायचं असेल तर केळकर म्युझियमला जा, तेही सुंदरच आहे, पण गंज पेठेतला वाडा वेगळ्या कारणासाठी बघायचा असतो. जोतीराव-सावित्रीबाई काही श्रीमंत सरदार नव्हते, त्यांच्याकडे झुंबरं कुठून असणार. जे काय केलं ते याच घरात केलं, हे महत्त्वाचं.

म्हणून जायच्या आदल्या रात्री मुलीला गोष्टी सांगून ठेवा. १८६८ साली पुण्यात अस्पृश्यांना सार्वजनिक पाणवठ्यावर पाणी भरू देत नव्हते तेव्हा जोतीरावांनी आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला, म्हणजे भाषण नाही, निवेदन नाही, सरळ आपल्याच दारात पाणी. त्याआधी १८६३ मध्ये फसवल्या गेलेल्या विधवांसाठी बाळंतपणाची सोय केली, त्यातल्याच एका बाईचा मुलगा यशवंत, तो या दोघांनी दत्तक घेतला. मारायला आलेल्या मारेकऱ्यांचीही गोष्ट आहे, त्यांचं मन पालटलं आणि त्यातला धोंडिराम कुंभार पुढे शिकून सत्यशोधक समाजाचा पंडित झाला, मुलांना ही फार आवडते.

मग अंगणातल्या तुळशी वृंदावनापाशी थोडं थांबा, ती जोतीरावांची समाधी आहे. आपल्याला घरामागेच मिठात पुरावं असं त्यांनी मृत्युपत्रात लिहिलं होतं, पण नगरपालिकेनं परवानगी दिली नाही, म्हणून २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेल्यावर दहन झालं आणि अस्थी इथं आणल्या. अंत्ययात्रेत टिटवं, म्हणजे प्रेतापुढे धरायचं मडकं, कुणी धरायचं यावर भाऊबंदांनी यशवंतला विरोध केला, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः पुढे होऊन धरलं. त्या काळात! सातवीतल्या मुलीला हे त्या अंगणात उभं राहून ऐकायला मिळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

गाडी शक्यतो नेऊ नका, गल्ल्या अरुंद आहेत, मंडईपासून रिक्षा बरी. ११ एप्रिल, २८ नोव्हेंबर आणि ३ जानेवारीला अभिवादनाला खूप लोक येतात, शांतपणे बघायचं तर ते दिवस टाळा, माहोल अनुभवायचा तर मुद्दाम तेव्हाच जा. आणि हो, १८४८ च्या मुलींच्या शाळेचा भिडेवाडा पण दाखवू असं ठरवत असाल तर ती जुनी इमारत डिसेंबर २०२३ मध्ये पाडली, स्मारकासाठी. त्यामुळे गंज पेठेतलं घर तरी चुकवू नका.