ओव्हरबूस्टचा कोड आला म्हणून टर्बो बदलू नका

प्रश्न : नमस्कार सर, माझी डिझेल गाडी ९ वर्षांची आहे, १ लाख ४० हजार किलोमीटर झालंय. दोन महिन्यांपासून एकच त्रास, चढावर किंवा ओव्हरटेक करताना तिसऱ्या गिअरमध्ये जोरात ॲक्सिलरेटर दाबला की गाडी आधी एकदम सुसाट ओढते आणि लगेच कुणीतरी मागून धरल्यासारखी मरते, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि मग आरपीएम ३००० च्या वर जातच नाही. बाजूला घेऊन बंद करून परत चालू केली की काही झालंच नाही अशी चालते. स्कॅनरवर पी०२३४ ओव्हरबूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब जास्त, हा कोड येतो. एका गॅरेजमध्ये मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) बदलला, आठवडाभर बरी चालली आणि परत तेच. आता ते म्हणतात टर्बो गेला, नवीन टाका. पण टर्बो गेला तर दाब कमी व्हायला पाहिजे ना, जास्त कसा होईल? काय करू?

उत्तर : तुमची शंका अगदी बरोबर आहे, आणि हाच प्रश्न त्या गॅरेजमध्येही विचारा. बेअरिंग झिजलेला, पाती घासलेला टर्बो दाब बनवूच शकत नाही, तो शिट्टी मारेल, ऑइल खाईल, गाडी ओढणार नाही. तुमचा टर्बो उलट गरजेपेक्षा जास्त दाब देतोय, म्हणजे त्याची चाकं ठणठणीत फिरतायत, बिघाड आहे तो त्याला आवरणाऱ्या यंत्रणेत. त्यामुळे नवीन टर्बो टाकायचं आत्ता थांबवा.

आत काय होतं ते आधी समजून घ्या. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या गॅसने फिरून इंजिनात हवा दाबून भरणारी चाकांची जोडी. आजकालच्या बहुतेक डिझेल गाड्यांत व्हेरिएबल टर्बो असतो, म्हणजे एक्झॉस्टकडच्या चाकाभोवती छोट्या छोट्या पात्यांचं कडं असतं. आरपीएम कमी असताना ही पाती मिटतात, फट बारीक होते आणि बागेतल्या पाइपच्या तोंडावर अंगठा ठेवल्यावर पाणी जसं जोरात उडतं तसा गॅस चाकावर जोरात आदळतो. आरपीएम वाढला की पाती उघडायला हवीत, कारण आता गॅसच भरपूर आहे. काजळी साचून ते कडं अडखळायला लागलं की पाती मिटलेलीच राहतात किंवा उशिरा उघडतात आणि दाब वर निघून जातो. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, थोडा वेळ वाट बघतं, मग इंजिन वाचवायला इंधन कापतं आणि गाडी लिम्प मोडमध्ये, म्हणजे कमी ताकदीच्या बचाव मोडमध्ये, टाकतं. तुम्हाला आधी सुसाट ओढल्यासारखं वाटतं तो जास्तीचा दाब, आणि मागून धरल्यासारखं वाटतं ते इंधन कापणं. पाती हलवणारा रॉड ॲक्च्युएटर नावाची डबी व्हॅक्यूमने खेचून धरते; चावी बंद केली की तो व्हॅक्यूम सुटतो, रॉड शेवटपर्यंत बाहेर येतो, पाती मोकळी होतात, म्हणून परत चालू केल्यावर गाडी शहाण्यासारखी चालते. तुम्ही लिहिलेली सगळी लक्षणं या एकाच गोष्टीकडे बोट दाखवतायत.

पण नुसत्या लक्षणांवर टर्बो उतरवायचा नाही, तपासायचं. इंजिन थंड असताना बॉनेट उघडा, टर्बोच्या बाजूला डबीसारखा ॲक्च्युएटर आणि त्यातून निघालेला बारीक रॉड दिसेल. एकाला गाडी चालू करायला सांगा आणि तुम्ही रॉडकडे बघा. बहुतेक व्हॅक्यूमवाल्या गाड्यांत चालू केल्याबरोबर रॉड आत खेचला जातो आणि बंद केल्यावर बाहेर येतो. नंतर इंजिन बंद असताना मेकॅनिकला हाताचा व्हॅक्यूम पंप लावायला सांगा. हळूहळू व्हॅक्यूम दिला की रॉड सलग सरकायला हवा आणि हळूहळू सोडला की तसाच सलग परत यायला हवा. जाताना ठीक जातो पण येताना मध्येच थांबतो आणि मग टक् करून उडी मारतो, असं दिसलं तर पात्यांचं कडं अडकतंय. खात्री करायची तर रॉड लिव्हरपासून काढा आणि लिव्हर हाताने हलवा, जेमतेम एक-दीड सेंटीमीटरची चाल असते, पण मधली खरखर बोटाला स्पष्ट कळते.

आणि इथेच एक गोष्ट सांगतो जी मला आजही टोचते. खूप वर्षांपूर्वी मी असाच एका माणसाचा चांगला टर्बो बदलायला लावला होता. नवीन टाकल्यावर चौथ्या दिवशी तो माणूस परत आला, तोच दिवा, तोच कोड. मग नीट शोधल्यावर सापडलं काय, तर व्हॅक्यूम सोलेनॉइडचा (ॲक्च्युएटरला किती व्हॅक्यूम द्यायचा ते ठरवणारा विजेचा व्हॉल्व्ह) हवा घ्यायचा बारीक फिल्टर, धुळीने पार बुजलेला. ईसीयूने व्हॅक्यूम सोडायला सांगितलं तरी त्या सोलेनॉइडला बाहेरची हवाच आत घेता येत नव्हती, मग व्हॅक्यूम सुटणार कसा आणि पाती उघडणार कशी. तो फिल्टर साफ केला आणि गाडी नीट झाली. त्या माणसाचा केवढा खर्च मी फुकट करवला. म्हणून आता रॉड मोकळा हलत असेल तर मी आधी सोलेनॉइड, त्याचा फिल्टर आणि त्याला जाणारे पाइप बघतो, कुणी उलटे लावलेत का तेही बघतो, आणि मगच टर्बोला हात लावतो.

स्कॅनरवर नुसता कोड वाचून सोडू नका. फ्रीझ फ्रेम बघा, म्हणजे कोड आला तेव्हा आरपीएम किती होता, लोड किती होता ते कळतं. मग शेजारी कुणाला तरी बसवून रिकाम्या रस्त्यावर लाइव्ह डेटा घ्या, ईसीयूने मागितलेला दाब, प्रत्यक्षातला दाब आणि सोलेनॉइडची ड्यूटी (ईसीयू त्याला किती टक्के चालू ठेवतंय) हे तीन आकडे एकत्र. दाब मागणीच्या वर जातोय, ईसीयूने ड्यूटी खाली आणलीय तरी दाब चढतोच आहे, तर ईसीयू आपलं काम करतंय आणि पुढे काहीतरी अडकलंय. दाब वर गेला तरी ड्यूटी खालीच येत नसेल तर मात्र वायरिंग, सेन्सर किंवा सॉफ्टवेअरकडे बघा, विशेषतः कुणी आधी रीमॅप, म्हणजे ईसीयूच्या सेटिंगमध्ये बदल, केलेला असेल तर. तुमचा मॅप सेन्सर बदलून आठवडाभर जे बरं वाटलं ते बहुतेक त्यांनी कोड पुसल्यामुळे आणि तुम्ही तेवढे दिवस जपून चालवल्यामुळे.

पाती अडकलेली निघाली तर टर्बो उतरवून, एक्झॉस्टकडचा भाग उघडून साफ करता येतो. उघडण्याआधी भाग एकमेकांना कसे बसलेत त्याच्या खुणा करायला लावा आणि लिव्हरजवळचा तो छोटा स्टॉप स्क्रू कुणालाही फिरवू देऊ नका, तो फ्लो बेंचवर, म्हणजे हवेचा प्रवाह मोजणाऱ्या यंत्रावर, सेट केलेला असतो, डोळ्यांनी अंदाज घेऊन परत बसत नाही. बसवताना गास्केट आणि वॉशर नवीन, आणि चालू करण्याआधी टर्बोत ऑइल भरायचं, कोरडा फिरवायचा नाही, कारण हा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. आणि एवढी काजळी आली कुठून हेही शोधा, इंजेक्टर गळतायत का, ईजीआर (एक्झॉस्टचा थोडा गॅस परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) उघडाच राहतोय का, इंटरकूलरचा पाइप कुठे फुसफुसतोय का, की गाडी रोज दोन-चार किलोमीटरच चालते. ते नाही बघितलं तर साफ केलेला टर्बो परत जॅम होणार.

प्रश्न : सर, माझी पेट्रोल टर्बो आहे. मोठ्या व्यासाचा एक्झॉस्ट बसवल्यापासून वरच्या गिअरमध्ये, जास्त आरपीएमला दाब वाढतच जातो आणि मग झटका बसून पॉवर कट होते. खालच्या गिअरमध्ये काही होत नाही. मित्र म्हणतो व्हॅक्यूमचा पाइप फाटला असेल. तो बदलून बघू का?

उत्तर : पाइप बघाच, पण कुठला पाइप फाटला की काय होतं हे आधी कळायला हवं, कारण इथे भले भले गोंधळतात. वरच्या प्रश्नातल्या डिझेलमध्ये पाती व्हॅक्यूमने मिटतात, त्यामुळे तिथे पाइप फाटला तर दाब कमी होतो. जुन्या पद्धतीच्या पेट्रोल टर्बोत बरोबर उलटं, तिथे टर्बोनेच बनवलेला दाब पाइपमधून ॲक्च्युएटरला जातो आणि वेस्टगेट, म्हणजे जास्तीचा गॅस टर्बाइनला (एक्झॉस्टकडच्या चाकाला) वळसा घालून सोडणारं झाकण, उघडतो. तो पाइप फाटला, सुटला किंवा आतला पडदा फाटला की ॲक्च्युएटरला दाब वाढल्याचं कळतच नाही, वेस्टगेट बंदच राहतं आणि दाब बेलगाम वाढतो. काही नव्या पेट्रोल गाड्यांत मात्र वेस्टगेटही व्हॅक्यूमने नाहीतर मोटरने चालतं, म्हणून आधी तुमच्याकडे कुठलं आहे ते बघा.

तुमच्या बाबतीत मात्र मला संशय एक्झॉस्टचाच आहे. दाब एकदम उडत नाही, हळूहळू चढत जातो, तेही फक्त वरच्या आरपीएमला, याला बूस्ट क्रीप म्हणतात. वेस्टगेट पूर्ण उघडलंय पण त्याचं भोक एवढं छोटं की सगळा जास्तीचा गॅस तिथून निघत नाही, उरलेला टर्बाइनवरूनच जातो. आधीचा एक्झॉस्ट अडवत होता म्हणून ते झाकलं गेलं होतं. १९६२ साली ओल्डस्मोबिल जेटफायर ही अमेरिकन टर्बो गाडी वेस्टगेट घेऊन आली, पण त्याच वर्षीच्या शेव्हरोले कॉर्व्हेअरच्या टर्बो मॉडेलला वेस्टगेट नव्हतंच, तिथे दाब आवरायला एक्झॉस्टचा अडथळाही कामाला यायचा. म्हणजे एक्झॉस्ट मोकळा केला की दाब बदलणार हे टर्बो गाड्यांना पहिल्यापासून लागू आहे.

खात्रीसाठी सोलेनॉइड बाजूला ठेवून टर्बोपासून थेट ॲक्च्युएटरला पाइप लावून बघतात. आता दाब फक्त ॲक्च्युएटरच्या स्प्रिंगएवढा राहायला हवा, गाडीगणिक बदलतो पण बऱ्याच गाड्यांत ०.४ ते ०.६ बारच्या आसपास. तेवढाच राहिला तर दोष सोलेनॉइडमध्ये किंवा त्याच्या कंट्रोलमध्ये. तरीही चढत गेला तर वेस्टगेटचा फ्लॅप अडकतोय का, पूर्ण उघडतोय का ते बघा, आणि ते ठीक असेल तर क्रीपच आहे, मग भोक जाणकाराकडून मोठं करून घ्या नाहीतर जुना एक्झॉस्ट परत लावा.

आणि कृपा करून तोपर्यंत पूर्ण ॲक्सिलरेटर दाबू नका. पेट्रोलमध्ये जास्त दाब म्हणजे नॉकिंग (इंधन सिलिंडरमध्ये अवेळी, स्फोटासारखं पेटणं), आणि नॉकिंगने पिस्टनची रिंगांमधली कड तुटते, ते काही सेकंदांतही होऊ शकतं. तो झटका तुमचं इंजिन वाचवतोय. कुणी पॉवर कट काढून देतो म्हणालं तर तिथून निघून या.

प्रश्न : स्कॅनरवर माझ्या डिझेलचा दाब २.४ बार दिसतो, पण नेटवर लोक १.४ सांगतात. एक बार जास्त म्हणजे धोका आहे का?

उत्तर : काही धोका नाही, दोन्ही एकच आकडा आहे. स्कॅनर बहुधा निरपेक्ष दाब दाखवतो, त्यात वातावरणाचा साधारण १ बार धरलेला असतो, आणि गेज फक्त त्याच्या वरचा दाखवतं. यावरून सेन्सरही तपासता येतो, इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशन ऑन करा, मॅप सेन्सरने त्या ठिकाणचा हवेचा दाब दाखवायला हवा, समुद्रसपाटीला १ बारच्या जवळ, १५०० मीटर उंचीवर साधारण ०.८५. इंजिन बंद असताना १.३ दाखवत असेल तर तो सेन्सर खोटं ओव्हरबूस्ट दाखवणार. कमी दाखवत असेल तर जास्त काळजी करा, कारण मग ईसीयूला दाब कमी वाटतो, ते अजून मागतं आणि दिवा न लागताच इंजिन जास्तीचा दाब सोसत राहतं.

प्रश्न : लिम्प मोडमध्ये गाडी किती चालवली तर चालते?

उत्तर : घरापर्यंत किंवा गॅरेजपर्यंत, हळू आणि हलक्या पायाने. दर चढावर बंद-चालू करून तोच दाब परत परत इंजिनवर टाकत राहू नका, आणि कोड पुसायच्या आधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढून ठेवा, पुसल्यावर तो जातो.