वाचकांचे प्रश्न : भिंतीवरचे पुरुष

पारोळ्याचे एक चित्रकार विचारतात : हमाल, पैलवान, वरातीत नाचणारी पोरं, आजारी बापाला भरवणारा मुलगा अशी गावाकडच्या पुरुषांवरची माझी 32 चित्रं तयार आहेत. बहुतेक तीन फूट रुंद, काही पुरुषभर उंचीची. जळगावच्या एका संग्रहालयानं मे महिन्यात 40 बाय 26 फुटांचं दालन देऊ केलंय. सगळी लावू का? आणि कशी?

सगळी लावू नका. दालनाचा घेर 132 फूट. दारं-खिडक्यांचे 20 फूट वजा केले की भिंत उरते 112. त्यात 32 चित्रांनी 96 फूट खाल्ले, तर दोन चित्रांमध्ये जेमतेम अर्धा फूट राहतो. भिंत नव्हे, दुकानाची मांडणी होते. 18 निवडा. मध्ये तीन-तीन फूट मिळतील आणि बापाला भरवणाऱ्या मुलाच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा फूट मोकळे सोडता येतील. त्या चित्राला शेजारी नकोच.

साधारण नियम असा की चित्राचा मध्य जमिनीपासून 58 इंचांवर. खिळ्याची उंची काढताना या 58 मध्ये चौकटीची निम्मी उंची मिळवायची आणि चौकटीमागची टांगायची तार ताणल्यावर ती चौकटीच्या वरच्या कडेपासून जितकी खाली येते, तितके इंच वजा करायचे. चौकट 36 इंच उंच, तार 4 इंच खाली, तर 58 + 18 − 4, म्हणजे खिळा 72 इंचांवर. तार न ताणता मोजली की हमखास चूक होते आणि ओळीतलं एखादं चित्र खाली उतरलेलं दिसतं. मोठ्या चित्राला एक खिळा पुरत नाही. दोन ठोका, नाहीतर पंख्याच्या वाऱ्यानंसुद्धा ते तिरकं होतं.

पण तुमच्या विषयात हा नियम जागोजागी मोडावा लागेल. पुरुषभर उंचीचा पैलवान 58 च्या हिशेबानं लावला आणि त्याचे डोळे बघणाऱ्याच्या डोक्यावर गेले, की तो चौकातला पुतळा होतो. मग मर्दानगीबद्दल तुम्हाला जे विचारायचं होतं, ते भिंतीनंच उत्तर देऊन संपवलेलं असतं. अशी चित्रं खाली आणा. रंगवलेले डोळे बघणाऱ्याच्या डोळ्यांसमोर, म्हणजे पाच-सव्वापाच फुटांवर येऊ द्या. चित्रकार भूपेन खक्कर यांचं 1981 चं ‘यू कान्ट प्लीज ऑल’ आठवा. पावणेसहा फुटी चौरस कॅनव्हास, घराच्या बाल्कनीत उभा नागडा पाठमोरा पुरुष, समोर बाप-मुलगा-गाढवाची गोष्ट चाललेली. आपण त्याच्या मागे उभे राहून त्याच्यासोबत बघतो. तेच चित्र दोन फूट वर टांगलं, तर ही सोबत तुटेल.

क्रम लावताना पैलवान आधी, हळवी चित्रं शेवटी, असा चढ-उतार करू नका. लोक तिसऱ्या चित्रापाशीच ओळखतात. वरात आणि आजारपण समोरासमोरच्या भिंतींवर टाका. ठोकाठोकी करण्याआधी चित्रं भिंतीला टेकवून एक रात्र तशीच ठेवा.

दिवे कोणते? सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, 90 च्या वर असलेले, पिवळसर एलईडी. स्वस्त दिव्याखाली अंगाचा रंग हिरवट दिसतो आणि तुमच्या चित्रांत अंगच तर आहे. उजेड लक्समध्ये मोजतात : तैलरंगाला 200 लक्सच्या आत, जलरंगाला 50. दिव्यांची पट्टी 12 फुटांवर आणि चित्राचा मध्य पाचावर असेल, तर पट्टी भिंतीपासून चार फूट पुढे घ्या. फार जवळ घेतली तर चौकटीची सावली चित्रावर पडते, फार लांब नेली तर बघणाऱ्याची.

धुळ्याच्या एका संग्रहालयाच्या विश्वस्त विचारतात : दोन चित्रांत नग्नता आहे. तक्रार झाली तर?

चित्रकार अकबर पदमसी यांच्यावर 1954 मध्ये मुंबईच्या प्रदर्शनातल्या चित्रांवरून अश्लीलतेचा खटला झाला होता. ते निर्दोष सुटले. आज हा विषय भारतीय न्याय संहितेच्या कलम 294 खाली येतो, आणि कलेच्या हितासाठी असलेल्या चित्राला त्यात अपवाद आहे. तरी दारावर साध्या मराठीत सूचना लावा, ती दोन चित्रं आतल्या भिंतीवर घ्या. चित्रासाठी बसलेल्या माणसाची लेखी संमती मात्र चित्रकाराकडून आधीच मागून घ्या. कोर्टाच्या आधी गाव ओळखतं. हमालाचा चेहरा ओळखू येत असेल आणि त्याला विचारलेलंच नसेल, तर कायदा बाजूला राहो, ते बरं नाही.

पारोळ्याचे चित्रकार पुढे विचारतात : चित्रं टेम्पोतून न्यायची आहेत. बबल शीट पुरेल?

चित्राला टेकवून नाही. मे महिन्यातल्या उन्हात ॲक्रिलिक मऊ पडतं आणि बुडबुड्यांचे ठसे रंगात उमटतात. आधी बटर पेपर, मग पुठ्ठा, त्यावर बबल शीट. चित्रं उभी, रंगाची बाजू रंगाच्या बाजूला, कोपऱ्यांवर फोमचे तुकडे. तैलरंग वरून कोरडा लागला तरी आतून ओला असतो. सहा महिन्यांच्या आतलं चित्र असेल तर वॉर्निशही नको. दालनात पोचल्यावर कॅनव्हास सैल वाटला तर तो ताणायला मागच्या लाकडी चौकटीच्या कोपऱ्यांत लगेच पाचर ठोकू नका, दोन दिवस तिथल्या हवेत राहू द्या. आणि टेम्पो पहाटे काढा. धाब्यावर उन्हात तो तासभर उभा राहिला की वरची सगळी बांधाबांध फुकट.