पद्मिनीच्या मूळ रेडिओवर मोबाइलची गाणी: डॅश न कापता ब्लूटूथ जोडणं

तुमच्या प्रीमियर पद्मिनीत दोन नॉबांचा मूळ मिडियम वेव्ह-शॉर्ट वेव्ह रेडिओ आहे, तो चालू आहे, आणि त्याच्याच स्पीकरवर मोबाइलची गाणी हवी आहेत. या धाग्यात वर एकाने एफएम ट्रान्समीटर (मोबाइलची गाणी एफएमवरून रेडिओला पाठवणारं छोटं यंत्र) घ्यायला सांगितलंय, पण तो तुमच्या कामाचा नाही. ट्रान्समीटर ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झवर बोलतो आणि तुमच्या सेटला एफएम बँडच नाही. दुसरा सल्ला रेडिओ काढून नवा स्टीरिओ बसवण्याचा आहे. त्यासाठी डॅशचा पत्रा कापावा लागतो आणि कापलेला पत्रा पूर्ववत होत नाही. कृपया तेवढं करू नका. सेटच्या आत सिग्नल घालायची नेमकी जागा आहे, आणि बाहेरून एक भोकही न पाडता हे काम होतं.

ती जागा म्हणजे व्हॉल्यूम कंट्रोल. रेडिओचा पुढचा सगळा भाग स्टेशन पकडून डिटेक्टरपर्यंत (लहरींतून आवाज वेगळा काढणाऱ्या भागापर्यंत) आवाज आणून सोडतो. तिथून तो व्हॉल्यूमच्या वरच्या टोकाला जातो, मधल्या टोकावरून ऑडिओ भागात आणि मग स्पीकरला. आपण डिटेक्टरऐवजी ब्लूटूथ मॉड्यूलमधून (फोनचा आवाज बिनतारी घेणाऱ्या छोट्या सर्किटमधून) येणारा मोबाइलचा आवाज त्या वरच्या टोकाला दिला, की सेटचाच अॅम्प्लिफायर आणि सेटचाच नॉब वापरात राहतो.

आधी दोन तपासण्या करा. बॅटरीची कुठली बाजू, पॉझिटिव्ह की निगेटिव्ह, बॉडीला जोडली आहे ते पाहा. पद्मिनीत ती निगेटिव्ह असते, त्यामुळे पुढचं सगळं त्याच हिशोबानं लिहितोय. ज्यांच्याकडे जुन्या ब्रिटिश गाड्या आहेत (एमजीबीसुद्धा १९६७ पर्यंत पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेली, होती) त्यांनी हे जसंच्या तसं जोडलं तर ब्लूटूथ मॉड्यूल जळेल. त्यांना ९ ते १८ व्होल्ट इनपुटचा आयसोलेटेड (इनपुट-आउटपुटमध्ये थेट जोड नसलेला) कन्व्हर्टर लागेल. दुसरी तपासणी सेट ट्रान्झिस्टरचा आहे ना, याची. वाल्व्ह आणि व्हायब्रेटरचे सेट बारा व्होल्टवर चालत असले तरी आत दोनशेच्या आसपास व्होल्ट असतात. त्यात हात घालू नका, जाणकार मेकॅनिककडेच द्या.

सेट बाहेर काढून टेबलावर चालवताना स्पीकर जोडल्याशिवाय सप्लाय देऊ नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर असलेल्या जुन्या सेटचा आउटपुट ट्रान्झिस्टर लोड नसताना आवाज वाढवला की जाऊ शकतो. स्पीकर लेबलवर लिहिलेल्या ओहमचाच घ्या. सप्लायच्या लाल वायरमध्ये १२ व्होल्ट २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब सीरिजमध्ये लावा. आत शॉर्ट असेल तर बल्ब पेटेल आणि सेट वाचेल. सेट उघडलाच आहे तर फुगलेले किंवा बुडाशी ओघळलेले इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर आत्ताच बदला. व्हॅल्यू तीच, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, १०५ डिग्रीचे. मोबाइल जोडल्यावर येणारी गुणगुण पुष्कळदा या वाळलेल्या कंडेन्सरांचीच असते आणि दोष नव्या जोडणीला दिला जातो.

आता व्हॉल्यूम कंट्रोल. सेट बंद ठेवून मीटरनं पाहा: बॉडीशी शून्य ओहम दाखवतं ते खालचं टोक, मधलं वायपर, उरलेलं वरचं. चौथी टॅग असेल तर ती लाउडनेसची, तिला हात लावू नका. सेट चालू करून स्टेशन लावा आणि वरच्या टोकावर बॉडीच्या तुलनेत डीसी व्होल्टेज मोजा. शून्य आलं तर मध्ये आधीच कंडेन्सर आहे आणि काम सोपं आहे. स्टेशन बदलताना तिथे थोडं डीसी कमीजास्त होत असेल, तर तो व्हॉल्यूम कंट्रोल डिटेक्टरचा लोडही आहे आणि रेडिओचा एजीसी (स्टेशन जोरात असो वा मंद, आवाज आपोआप सारखा ठेवणारी सोय) त्याच्यावर अवलंबून आहे. ही गोष्ट न पाहता वरचं टोक कायमचं तोडलं किंवा तिथेच दुसरी वायर समांतर सोल्डर केली, की रेडिओ बसका किंवा फाटका वाजू लागतो. ‘मोबाइल वाजतो पण रेडिओ गेला’ अशा तक्रारींचं सर्वांत मोठं कारण हेच.

म्हणून १२ व्होल्टचा दोन पोलचा छोटा सिग्नल रिले (कॉइलला वीज मिळाली की दोन वेगळे जोड एकदम बदलणारा स्विच) सेटच्या आत बसवा. व्हॉल्यूमच्या वरच्या टोकाची वायर काढून ते टोक पहिल्या पोलच्या कॉमनला द्या. रिले सुटलेला असताना जो कॉन्टॅक्ट जोडलेला असतो त्याला डिटेक्टरची मूळ वायर, दुसऱ्याला मोबाइलचा सिग्नल. डिटेक्टरची तीच वायर दुसऱ्या पोलच्या कॉमनलाही न्या, आणि रिले ओढल्यावर ती व्हॉल्यूम कंट्रोलच्याच व्हॅल्यूच्या रेझिस्टन्समधून बॉडीला जाऊ द्या. म्हणजे रेडिओ ऐकताना सर्किट अगदी मूळचं राहतं आणि मोबाइल ऐकताना डिटेक्टरला लोड मिळत राहतो. रिलेच्या कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा लावायचा, त्याच्यावरची रंगीत पट्टी पॉझिटिव्हकडे.

मोबाइलचा सिग्नल स्टीरिओ असतो आणि तुमचा सेट मोनो. डावी-उजवी वायर थेट एकत्र पिळू नका, कारण मग एक आउटपुट दुसऱ्याच्या अंगावर करंट ढकलतं आणि आवाज फाटतो. दोन्हींमध्ये ४.७ किलोओहमचा एकेक रेझिस्टन्स घालून मग जोडा. तिथून १० किलोओहमचा प्रीसेट (एकदाच फिरवून ठेवायचा छोटा व्हॉल्यूम कंट्रोल) आणि त्याच्या वायपरवरून १ मायक्रोफॅरडचा फिल्म कंडेन्सर रिलेकडे. १० किलोओहमच्या व्हॉल्यूमसोबत हा कंडेन्सर साधारण १६ हर्ट्झच्या खालचंच कापतो, तुमचा स्पीकर तिथपर्यंत पोचतही नाही. कंडेन्सरच्या प्रीसेटकडच्या नव्हे, रिलेकडच्या टोकावरून बॉडीला १०० किलोओहम लावलात तर स्विच करताना ‘टप्प’ होणार नाही. प्रीसेट कानानं लावायचा: फोन पूर्ण मोठा, नॉब अर्ध्यावर, आणि आवाज रेडिओच्या स्टेशनइतका. मॉड्यूलचा सिग्नल डिटेक्टरपेक्षा बराच जोरात असतो, म्हणून प्रीसेट गाळू नका. नाहीतर नॉबच्या पहिल्या पाव फेऱ्यातच सगळा आवाज येईल.

मॉड्यूलला ५ व्होल्ट हवेत. ते ५० ते ८० मिलिअँपिअर खाणारं साधं मॉड्यूल असेल तर ७८०५ हा ५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर आयसी पुरतो. १३.८ व्होल्टवर तो पाऊण वॅटच्या आतच तापतो. सेटच्या पत्र्याला स्क्रूनं बसवला की विषय संपला. इनपुटला ०.३३ आणि आउटपुटला ०.१ मायक्रोफॅरड आयसीच्या पायांजवळच हवेत. त्याच्या आधी अर्धा अँपिअरचा फ्यूज, सीरिजमध्ये १एन४००७ आणि मग बॉडीला पी६केई२४ए हा उसळी दाबणारा डायोड. गाडीचा सप्लाय स्वच्छ नसतो, अचानक उसळी आली तर हा शेवटचा भाग ती ३३ व्होल्टच्या आसपास दाबतो आणि ७८०५ ची सहनशक्ती ३५ ची आहे.

रिले आणि ७८०५ एकाच स्विचवर ठेवा. स्विच डॅशखाली किंवा ग्लोव्ह बॉक्समध्ये लपवता येतो. तो बंद असताना मॉड्यूलही बंद, त्यामुळे मिडियम वेव्हवर त्याची खरखर येण्याचा प्रश्नच उरत नाही. लायटर सॉकेटमध्ये यूएसबी चार्जर कायम खोचलेला असेल तर आकाशवाणी ऐकताना तो काढा. खरखरीचा उगम बहुधा तोच असतो.

मॉड्यूल सेटच्या पत्र्याच्या डब्यात ठेवू नका, त्याची अँटेना तिथे घुसमटते. प्लास्टिकच्या डबीत सेटच्या खाली ठेवा. आवाजासाठी दोन कोअरची शील्डेड वायर आणि सप्लायसाठी वेगळी पिळलेली जोडी. दोन्हींचं निगेटिव्ह सेटमध्ये व्हॉल्यूमच्या खालच्या टोकापाशी एकाच बिंदूवर आणा. मॉड्यूलची अर्थ डॅशच्या स्क्रूला आणि शील्ड सेटला, अशी जोडणी केली की गुणगुण ठरलेलीच. एवढं करूनही गाण्यांमधल्या शांततेत बारीक कुणकुण ऐकू आली तर ७८०५ च्या पुढे बी०५०५एस हा आयसोलेटेड कन्व्हर्टर घाला, किंवा रेझिस्टन्सनंतर ६००:६०० चा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर. इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी मात्र अल्टरनेटरची असते. त्यासाठी सेटच्या पॉझिटिव्हमध्ये चोक (कार्ब्युरेटरचा नव्हे, तारेच्या वेटोळ्याचा) आणि बॉडीला १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कंडेन्सर. तडतड वेगाबरोबर वाढत असेल तर डेल्को (डिस्ट्रिब्युटर), प्लगच्या वायरी आणि कॉइलच्या पॉझिटिव्हवरचा सप्रेसर कंडेन्सर बघा.

गाणं चालू असताना मागे आकाशवाणी पुसट ऐकू आली तर घाबरू नका. ट्यूनर चालूच असतो, जवळचं जोरदार स्टेशन वायरींमधून पाझरतं. काटा रिकाम्या जागी सरकवला की थांबतं.

हा धागा कॅसेटवाल्या स्टीरिओसाठी वाचणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं: हेडच्या (टेप वाचणाऱ्या भागाच्या) वायरींना मोबाइल जोडू नका. हेड एक मिलिव्होल्टपेक्षाही कमी देतो, आणि पुढचा प्रीअॅम्प (बारीक सिग्नल आधी वाढवणारा भाग) टेपच्या हिशोबानं खालचे सूर मुद्दाम उचलतो. तिथे शेकडो मिलिव्होल्ट टाकले की घुमणारा, फाटका गोंधळच मिळतो. सिग्नल प्रीअॅम्प आयसीच्या आउटपुटनंतर, दोन्ही चॅनलला वेगवेगळा द्या. बहुतेक डेकमध्ये कॅसेट आत गेल्यावरच तो रस्ता जोडला जातो, म्हणून तो स्विच रिलेनं बायपास करावा लागतो आणि त्याच वेळी मोटरचा सप्लाय तोडावा लागतो, नाहीतर मोटर आणि बेल्ट उगाच झिजतात. हे जमणार नसेल तर वायरवाला कॅसेट अडॅप्टर घ्या. ऑटो-रिव्हर्स डेकमध्ये तो कधीकधी सारखी बाजू बदलतो, कारण डेकला टेप संपल्यासारखं वाटतं. तिथे दोन्ही दिशांना चालणारा अडॅप्टर लागतो.

झाकण लावण्यापूर्वी कुठली वायर कुठून काढली याचं हातानं काढलेलं चित्र घडी घालून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा, आणि पॅनेलचे फोटोही ठेवा. सेट मूळ रूपात न्यायचा झाला तर रिले काढून एकच वायर जागेवर सोल्डर करायची आहे.