गॅलॅक्टिक सिव्हिलायझेशन्स २ या अंतराळात साम्राज्य उभारायच्या कॉम्प्युटर खेळात कर किती टक्के ठेवावा? वाढवला की प्रजा नाराज होते, कमी केला की खजिना उणे जातो.

भाऊ, एक आकडा सांगून मोकळा झालो असतो, पण तो तुमच्या चालू डावाला लागू पडेलच असं नाही. हाच प्रश्न घेऊन मी दोन उन्हाळे घालवले आहेत, म्हणून जरा लांबण लावतो.

आमचं नागपूरच्या इतवारीत हार्डवेअरचं दुकान आहे. रात्री जेवणं झाली, कूलरच्या टाकीत पाणी भरलं की माझा डाव सुरू. पहिल्या डावात मी पाच-सहा ग्रह झपाट्याने घेतले, प्रत्येकावर कारखाने टाकले आणि पैसा पुरेना म्हणून कराची पट्टी सरळ ६० वर ओढली. लोकांची पसंती ४१ वर आली. तीन-चार टर्न (खेळातल्या पाळ्या) पैसा आला, बरं वाटलं. बाबा मागे येऊन उभे राहिले होते, चष्मा कपाळावर.

"हे लाल काय आहे?"

"लोक नाराज आहेत."

"आणि या नवीन गावात लोक किती?"

"थोडेच आहेत अजून."

"मग त्यांच्याकडून तुले भेटते किती?"

मी बाण नेऊन पाहिलं. जवळपास काहीच नाही.

"अन् एवढ्यासाठी शिव्या खाऊन राहिला का तू?"

तेव्हा पेटलं डोक्यात. या खेळात कर माणसांमागे येतो आणि माणसं वाढतात ती खूश असली तर. पसंती पूर्ण १०० असेल तर लोकसंख्या दुप्पट वेगाने वाढते. नव्वदला ती दुप्पट मिळत नाही. फारच घसरली तर लोकसंख्या उलट घटायला लागते. म्हणजे नव्या ग्रहांवर चार पैसे जास्त उकळायच्या नादात मी पुढच्या पन्नास टर्नचं उत्पन्न खुडून टाकत होतो. सुरुवातीला खजिन्यात जी रक्कम मिळते ती तोट्यात राज्य चालवण्यासाठीच दिली आहे असं समजा. कर इतका उतरवा की पसंती १०० ला टेकेल, आणि खजिना तळ गाठेपर्यंत ग्रह भरू द्या. तळ दिसायच्या आधी मात्र पट्टी वर न्यायला सुरुवात करा, कारण खजिना फार उणे गेला तर बांधकामं ठप्प होतात.

वर नेताना एकेक टक्का न्या आणि दर वेळी पसंतीचा आकडा पाहा. काही टक्क्यांना काहीच फरक पडत नाही, मग एकाच टक्क्याला धाडकन खाली येतो. त्या कड्याच्या अलीकडे थांबायचं. तो कडा तुम्ही निवडलेली जमात, तुमचं सरकार आणि ग्रहावरची गर्दी यांवर ठरतो, म्हणून दुसऱ्याचा आकडा उसना घेऊन उपयोग नाही.

आता गर्दी. कराला हात लावायच्या आधी नाराज ग्रहावर माणसं किती कोंबली आहेत ते बघा. जास्त शेतं बांधली की लोकसंख्या वाढते आणि लोकसंख्या वाढली की पसंती पडते, मग ती सावरायला करमणुकीच्या इमारती, त्यांचा देखभालीचा खर्च, तो भागवायला पुन्हा कर. मी एका ग्रहावर तीन शेतं टाकून हा चरखा फिरवला आहे. शेवटी दोन शेतं पाडली तेव्हा तो ग्रह शांत झाला. सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथेच, असं माझं मत.

जनतेच्या खिशाबाहेरचा पैसाही आहे. मालवाहू जहाजं पाठवून दूरच्या साम्राज्याशी व्यापार जोडा. अंतर जितकं जास्त, तितकी कमाई बरी. संशोधनातून आलेलं तंत्रज्ञान शेजाऱ्यांना विका, शस्त्रांचं सोडून. आणि नकाशावर मनोबलाचं संसाधन दिसलं तर तिथे खाणीचा स्टारबेस (अंतराळातला तळ) सगळ्यात आधी उभा करा. त्याने सगळ्या साम्राज्याची पसंती वाढते आणि तेवढा कर तुम्हाला जास्त लावता येतो.

प्रजासत्ताक किंवा लोकशाही घेतली असेल तर निवडणुका येतात. त्या टर्नच्या आसपास कर उतरवा, बहुमत घ्या, मग परत चढवा. हरलात तर पक्षामुळे मिळणारे फायदे जातात. हसू नका, मालमत्ता कराच्या दंडावर सूट जाहीर होण्याचे मुहूर्त आपल्यालाही माहीत आहेत.

एक गोष्ट मात्र खेळाला कळत नाही. २०१३ च्या १ एप्रिलला नागपुरात जकातीच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला आणि व्यापाऱ्यांच्या बंदमध्ये इतवारीतली शटरं खाली आली, आमचंही. बाबा टक्क्यांवर फार बोलत नसत. त्यांचा राग नोंदणीवर, वाढलेल्या लिखापढीवर आणि कोणीतरी तपासणीला येईल या धास्तीवर होता. २०१५ च्या १ ऑगस्टपासून पन्नास कोटींच्या आतल्या उलाढालीवरचा तो कर गेला तेव्हा त्यांनी सगळ्यांना तर्री पोहे खिलवले. खेळात वसुलीची पद्धत हा प्रकारच नाही, फक्त टक्के. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीसोबत महागाईचा बडग्या (पुतळा) मिरवणुकीत निघतो तसं तिथे काही निघत नाही, आकडा लाल होतो बस. म्हणून तो आकडा रोज बघायची सवय लावावी लागते.

दुसऱ्या खेळांचे सल्ले इथे लावू नका. मास्टर ऑफ ओरायन २ मध्ये (१९९६ चा) कराचा मनोबलाशी संबंधच नाही. तिथे तो कारखान्यांच्या उत्पादनातून कापला जातो, आणि हुकूमशाहीत मनोबल २० टक्के पडतं ते बराकी बांधल्या नाहीत म्हणून. स्टेलारिसमध्ये तर अशी कराची पट्टीच नाही.

तुमच्या राजधानीवर शेतं किती आहेत आणि सरकार कोणतं आहे तेवढं खाली लिहा, मग कर नेमका कुठे थांबवायचा ते बघू.