रिसॉर्टमध्ये ईव्ही चार्जर बसवायचा तर कोणत्या कंपनीचा घ्यावा आणि खर्च किती दिवसांत निघतो?

वेंगुर्ल्याजवळ तुमच्या १० खोल्या आहेत आणि पाहुणे फोनवर इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जिंगचं विचारायला लागलेत. कंपनीचं नंतर बघू. जिथे चार्जर लावायचं ठरवलंय त्या भिंतीतलं सॉकेट आधी उघडा आणि मागची हिरवी वायर, म्हणजे अर्थिंगची, कुठे जाते ते बघून या. आमच्याकडे ती कुठेच जात नव्हती. भिंतीत दोन इंच आत कापून ठेवलेली होती, वर नीट टेप गुंडाळून.

माझं दापोली तालुक्यात समुद्रकाठी आठ खोल्यांचं आहे. मी आणि दादा मिळून चालवतो. हे उत्तर लिहायला बसलो त्याचं कारण मे २०२३ मधली एक शनिवारची रात्र. तिच्यावरून आमच्या घरात अजून वाद आहे.

पुण्याचं एक कुटुंब ताम्हिणी उतरून, माणगाव, मंडणगड करत आलं. गाडी टाटाची इलेक्ट्रिक नेक्सॉन, पहिली ३० युनिटची बॅटरीवाली. एसी लावून, चार माणसं आणि सामान घेऊन पुणे-दापोली म्हणजे त्या गाडीची पूर्ण परीक्षा. रात्री साडेनऊला पोचले तेव्हा ११ टक्के उरले होते. बुकिंगच्या वेळी त्यांनी विचारलं होतं, "१५ अँपिअरचं सॉकेट आहे ना?" मी म्हटलं होतं, "आहे की." खोटं नव्हतं. पडवीत होतंच, पाण्याच्या मोटरसाठी लावलेलं.

त्यांनी केबल लावली तर डबीवर लाल दिवा. गाडीबरोबर येणाऱ्या चार्जरला अर्थिंग मिळालं नाही की तो वीज घेतच नाही. मिक्सर, मोटर, इस्त्री कुणी तक्रार करत नाही, सगळं निमूट चालतं, म्हणून वीस-वीस वर्षं कुणाला कळत नाही की सॉकेटला अर्थिंग नाही. ते सांगितलं गाडीने. मग शोधाशोध करत स्वयंपाकघरातल्या ओट्याजवळचं सॉकेट सापडलं, तिथे हिरवा दिवा लागला. खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड काढला, साडेदहाला चार्जिंग सुरू. सगळे खूश, जेवणं झाली, सुरमई छान झाली होती.

एकच्या सुमाराला आई उठली. "काहीतरी जळतंय रे." जाऊन बघतो तर बोर्ड ओट्यावर वितळून बसलेला, वायरची गुंडाळी तशीच्या तशी (सोडलेलीच नव्हती, गुंडाळलेली वायर जास्त तापते), आणि खिडकीचा पडदा बोर्डापासून हातभर अंतरावर. एमसीबी (जास्त वीज ओढली गेली की आपोआप पडतो तो स्विच)? एमसीबी आरामात चालू. तो पडलाच नव्हता.

का पडला नाही ते सकाळी कळलं. त्या लाइनवर १६ अँपिअरचा एमसीबी होता, तो डीप फ्रीझर, फ्रीज आणि वॉटर कूलर एकदम चालले की अधूनमधून पडायचा. "सारखा पडतो" म्हणून दादाने आदल्या दिवाळीत तिथे ३२ चा बसवून घेतला. मला न विचारता. आत वायर तीच, अडीच स्क्वेअर एमएमची. त्या रात्री गाडीचे १३ अँपिअर आणि वर हे सगळं, म्हणजे बावीस-तेवीस तरी असतील. १६ चा असता तर बहुधा तासाभरात पडला असता आणि कुणीतरी उठून बघितलं असतं. दादाचं म्हणणं आजही तेच, "गाडीमुळे झालं. इतकी वर्षं काही झालं नव्हतं." एमसीबी पडतो तेव्हा तो त्रास देत नसतो, सांगत असतो. हे मी त्याला किती वेळा सांगितलंय याची गणती नाही.

रविवारी सकाळी गाडी ३४ टक्क्यांवर आणि आमचं स्वयंपाकघर बंद. शेवटी मित्राच्या आंबा कॅनिंगच्या शेडमध्ये नेली. तिथे मोटरींसाठी थ्री फेज आणि व्यवस्थित अर्थिंग होतं. साडेपाच तास गाडी उभी. ऐन हंगाम, पल्प काढायचं काम जोरात, पाहुण्यांच्या आजी बायकांमध्ये बसून आंबे सोलायला लागल्या. जाताना सहा बाटल्या घेऊन गेल्या, वर मला म्हणाल्या, "तुमच्याकडे राहण्यापेक्षा इथेच बरं होतं." बोलल्या हसतच, पण लागायचं ते लागलं. मी खोलीचे पैसे घेतले नाहीत. दादाने त्यावरूनही दोन दिवस तोंड फुगवलं आणि फर्मान काढलं, "ईव्हीवाल्यांना बुकिंगच देऊ नको."

मी दिलं. आधी खड्डा खणला.

आमची जमीन जांभ्याची. पावसाळा सोडला तर जांभा कोरडा ठणठणीत, वीज जमिनीत जाणार कशी? वायरमन बोलावून टेस्टर लावला तर आकडा (कमी तितका चांगला) तीस ओहमच्या वर. दोन केमिकल अर्थिंग (रसायन भरलेले अर्थिंगचे पाइप) घातली, आठ-आठ फूट खाली, तेव्हा तो चारच्या आत आला. मीटरपासून वेगळी आर्मर्ड (पोलादी आवरणाची) केबल, प्रत्येक पॉइंटला स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच), गाड्या उभ्या राहतात तिथे छपराखाली दोन निळी इंडस्ट्रियल सॉकेटं, त्यात गाडीच्या चार्जरचा प्लग लागेल अशी पक्की जोडणी आणि एक सबमीटर. सगळं मिळून ६२ हजार. निम्म्याहून जास्त पैसा जमिनीखाली गेला, तो कुठल्या फोटोत दिसत नाही.

पाट्यांवर झळकणारा भिंतीवरचा चार्जर मी अजून घेतलेला नाही. लोक मला वेड्यात काढतात. पण हिशोब बघा. पाहुणा संध्याकाळी सातला येतो, सकाळी दहाला निघतो. साध्या १६ अँपिअरवर तासाला तीनच्या आसपास युनिट जातात, रात्रीच्या सात तासांत वीसेक. बहुतेक गाड्यांना तेवढं पुरतं. सात किलोवॅटचा चार्जर म्हणजे ३२ अँपिअर एका गाडीला, म्हणजे महावितरणकडे लोड वाढवून घ्या, डिपॉझिट भरा, आणि मे महिन्यात सगळे एसी चालू असताना ट्रान्सफॉर्मरकडे बघत बसा. आणि डीसी फास्ट चार्जर आठ-दहा खोल्यांच्या ठिकाणी लावायला सांगणारा माणूस तुम्हाला काहीतरी विकायला आलेला असतो. झोपलेल्या पाहुण्याच्या गाडीला घाई कसली?

एवढं पाळा : आमच्याकडे गाड्या रात्री अकराला सुरू करतो आणि सहाला बंद. सहा ते नऊ गीझरांची वेळ. ज्याची बॅटरी अगदीच तळाला असेल त्याला आधी लावू देतो.

आता पैसे. गेल्या हंगामात नोव्हेंबर ते मे माझ्या वहीत ७१ गाड्या आहेत, सरासरी १७ युनिट. म्हणजे साधारण १२०० युनिट. स्थिर आकार, कर सगळं धरून मला युनिट १४ रुपयांना पडतं, म्हणजे १७ हजार गेले. रात्रीचे सरसकट ३०० घेतो, आले २१ हजार ३००. शिल्लक चार हजार आणि वर काही. ६२ हजार असे फेडायला चौदा वर्षं लागतील. तेव्हा चार्जिंगमधून खर्च कधी निघेल याचं उत्तर, निघणार नाही. पण त्या ७१ मधल्या निदान वीस जणांनी फोनवर पहिला प्रश्न चार्जिंगचा विचारला होता, खोलीचा दर नंतर. वीस खोल्यांचं भाडं तुम्ही लावून बघा.

फुकट द्यावं का? दादा आता म्हणतो फुकट द्यावं, "पाहुण्याकडून विजेचे पैसे घ्यायचे?" हा तोच दादा. माझं मत, घ्यावे आणि बुकिंगच्या वेळीच सांगावे. गरम पाणी सगळ्यांना लागतं, गाडी सगळ्यांची विजेची नसते. परवान्याची भीती कुणी घातली तर ऐकू नका, चार्जिंग ही सेवा आहे, वीजविक्री नाही, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केलंय. महावितरणची चार्जिंगसाठी वेगळी वर्गवारी आहे, पण तिला वेगळं मीटर लागतं. दोन सॉकेटांसाठी मी त्या भानगडीत पडलो नाही.

तुमच्याकडचे पाहुणे वेगळे असतील. कोल्हापूर, बेळगाववरून आंबोली उतरून येणाऱ्याच्या गाडीत निम्मी बॅटरी तरी उरलेली असते, त्याला नुसता सकाळपर्यंतचा टेकू हवा असतो. मुंबईवाला पाचशे किलोमीटर येतो तो वाटेत कुठेतरी फास्ट चार्जर करूनच. आणि मुंबईवाले वाढणार, राज्याच्या २०२५ च्या धोरणानंतर अटल सेतूवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोल नाही.

महामार्गालगत हॉटेल असेल तर मात्र वरचं सगळं उलटं करून वाचा. तिथे माणूस जेवणाच्या पाऊण तासापुरता थांबतो, साधं सॉकेट त्याच्या काही कामाचं नाही. तिथे कंपन्या तुमच्या जागेत स्वतःच्या खर्चाने फास्ट चार्जर लावतात, त्यांच्याशी बोला.

किरकोळ, पण आमच्याकडे घडलेलं : चार्जिंगची जागा माडाखाली करू नका, एका गाडीच्या काचेवर नारळ पडलाय. बोर्डाच्या डब्याला भोक ठेवू नका, पाल आत जाऊन चिकटते आणि सगळं अंधारात. खाऱ्या वाऱ्याने सॉकेटच्या पिना हिरव्या पडतात, दर पावसाळ्यानंतर बघायच्या. आणि जनरेटरवर गाड्या बहुधा चार्ज होत नाहीत, त्याचं न्यूट्रल अर्थला जोडलेलं नसेल तर पुन्हा तो लाल दिवा. निसर्ग वादळानंतर, जून २०२० मध्ये, आमच्या भागात कित्येक आठवडे लाइट नव्हते. तेव्हा गाड्या असत्या तर काय केलं असतं हा प्रश्न दादा मला विचारतो. पेट्रोल पंपही विजेवरच चालतात, एवढंच मी म्हणतो.

कंपनीचं राहिलं. आयएसआय मार्क असलेलं आणि तालुक्याच्या गावात दुरुस्तीला माणूस असलेलं कुठलंही घ्या.

एक गोष्ट राहिली, ती लिहितो, कारण पुतणी हे वाचते आणि घरी जाऊन सांगणार. तो एक्स्टेन्शन बोर्ड मी दिला होता. टेबलफॅनचा. एमसीबी १६ चा असता तरी तो वितळला नसता असं मी छातीठोक म्हणू शकत नाही. पण ३२ चा बसवला दादानेच. आता त्याने स्वतः इलेक्ट्रिक स्कूटर घेतलीय, पाहुण्यांच्या सॉकेटवर लावतो आणि वहीत नोंद करत नाही.

आणि अर्थिंग तपासून घ्याल ते एप्रिल-मे मध्ये घ्या. जमीन ओली असताना आकडा नेहमी चांगलाच येतो. दादाने आमचं एकदा तपासून घेतलं होतं, "एकदम ओके" म्हणून. मी विचारलं कधी, तर म्हणे जुलैत.