आयटीआय झालंय, विमान-रॉकेटच्या कामासाठी थ्रीडी प्रिंटिंगमध्ये नेमकं काय शिकू?

मशीनचं बटण दाबणं आठवड्यात येतं, त्यात अडकू नका. इस्रोने मे २०२४ मध्ये पीएस-४ (पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्याचं) इंजिन थ्रीडी प्रिंटिंगने छापून ६६५ सेकंद चालवलं. १४ भागांचा एकच भाग झाला, १९ वेल्ड जोड गेले. म्हणजे वेल्डरचं काम संपलं? छे, ते तपासणीकडे सरकलं!

खरी मेहनत छपाईनंतर. भाग धातूच्या पावडरीतून थर-थर छापला जातो, म्हणून आतल्या बारीक वाटांत उरलेली पावडर झटकून काढायची, धातूतला ताण घालवायला भाग ज्या प्लेटवर छापला तिच्यासकट भट्टीत, मग वायरकटवर (विजेच्या ठिणग्यांनी तारेने धातू कापणारं मशीन) प्लेटपासून सोडवायचा, शेवटी सीटी स्कॅनमध्ये पोकळ्या शोधायच्या. टायटॅनियमची पावडर ठिणगीने पेटते आणि श्वासातही जाते, म्हणून मास्क आणि अर्थिंग आधी. फिटरचा हात असेल तर तुम्ही निम्मे तयारच आहात. ड्रॉइंग वाचणं मात्र पक्कं करा.