हे आज का चालू आहे?

आधी त्या बाळाच्या शिरेतली ती लाइन काढ, मग हे पुढचं वाच.

गंमत करत नाहीये. रात्री पावणेतीनला तू जो लांबलचक मेसेज टाकलास त्यात शेवटून दुसऱ्या ओळीत अगदी सहज लिहिलंयस की पिक लाइन (शिरेतून आत नेलेली बारीक नळी) अजून आहे, सर म्हणाले दुसरी व्हेन, म्हणजे शीर, मिळणार नाही, अ‍ॅम्फो (अ‍ॅम्फोटेरिसिन, बुरशीवरचं औषध) त्यातूनच देऊ. रक्ताच्या कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, बुरशी आलीय, बाळ ९८० ग्रॅमचं, आणि ज्या नळीवर ती बुरशी थर करून बसलीय त्याच नळीतून तू औषध सोडणार. त्या थराच्या आत औषध धड पोचत नाही गं. हात, पाय, डोकं, कुठेही दुसरी शीर शोध, तासभर लागू दे, अ‍ॅनेस्थेशियावाल्यांना उठव, पण ती नळी काढ.

काढलीस? मग आता बस.

तुझा प्रश्न असा की ४८ तासांचं कल्चर निगेटिव्ह होतं, प्लेटलेट २ लाखांवरून ३८ हजारांवर आले होते, शुगर मध्येच २४० दाखवत होती, मला बुरशीची शंका आली होती पण सगळे म्हणाले कोलिस्टिन, म्हणजे आणखी एक अँटिबायोटिक, लावा आणि मी गप्प बसले, तर तेव्हाच अँटिफंगल, म्हणजे बुरशीवरचं औषध, चालू करायला हवं होतं का. हो, हवं होतं. एवढ्याशा बाळात, एवढ्या अँटिबायोटिकनंतर, कल्चरची वाट बघत बसायचं नसतं, कारण आत पसरलेली बुरशी ब्लड कल्चरला साधारण निम्म्या वेळा सापडतच नाही, आणि तू तर कल्चरच्या बाटलीत अर्धा एमएल रक्तसुद्धा टाकलं नव्हतंस (किमान १ एमएल, किती वेळा सांगायचं). झालं उत्तर. पण तू विचारतेयस काय चालू करायला हवं होतं, आणि मी तुझा मेसेज वाचताना सारखी शोधत होते की काय बंद करायला हवं होतं.

तारखेवार कागदावर उतरवून काढलं मी. पहिल्या दिवशी सिफोटॅक्झिम हे अँटिबायोटिक, आईचं पाणी आधी गेलं होतं म्हणून, ठीक. तिसऱ्या दिवशी कल्चर स्टराइल, बाळ बरं, तरी चालूच. सहाव्या दिवशी पोट फुगलं म्हणून मेरोपेनेम, सोबत व्हँकोमायसिन, ही आणखी दोन अँटिबायोटिक, का ते कुठेच लिहिलेलं नाही. अ‍ॅसिड कमी करणारं रॅनिटिडिन दुसऱ्या दिवसापासून, बहुतेक शेजारच्या बाळाला होतं म्हणून. आईचं दूध बंद, लिपिड, म्हणजे शिरेतून चरबी, चालू. म्हणजे आतड्यातले जे जंतू बुरशीला पाय पसरू देत नाहीत ते आपणच मारले, पोटातलं अ‍ॅसिड आपणच घालवलं, रक्तात शिरायला नळीचा रस्ता करून दिला आणि वर साखर नि चरबी आयती पुरवली. कँडिडा, म्हणजे हीच बुरशी, कातडीवर आणि आतड्यात असतेच. एवढं आदरातिथ्य केल्यावर ती राहायला येणार नाही तर काय.

म्हणून रोज सकाळी राउंडला प्रत्येक नळीवर आणि प्रत्येक औषधावर बोट ठेवून विचारायचं, हे आज का चालू आहे? काल का होतं ते मला नको. आज. चालू करायला मध्यरात्रीचा इंटर्नसुद्धा पुरतो, बंद करायलाच डॉक्टर लागतो.

हे शहाणपण मला कुणी शिकवलं नाही, ते एका बाळाकडून आलंय. २००४ ची गोष्ट, गळीत हंगामाचे दिवस, ऊसतोडीला आलेली आई, जुळी, साडेसातव्या महिन्यातच झालेली. मोठं ११५० ग्रॅम. नाळेतून लाइन टाकलेली, आणि सातव्या दिवशी इन्चार्ज सिस्टर मला म्हणाल्या, मॅडम, दूध पचतंय, लाइन काढायची का? मी म्हटलं उद्या बघू. आठव्या दिवशी पण उद्या. ती अकराव्या दिवशी निघाली, तोवर बाळ काळवंडलेलं, श्वास थांबत होता, पोट ताठ. लॅबवाल्यांनी बाटलीतला थेंब स्लाइडवर घेऊन मला मायक्रोस्कोपवर बोलावलं, निळ्याजांभळ्या गोल पेशी आणि त्यांना फुटलेले कोंब. अ‍ॅम्फोटेरिसिन आमच्या गावात नव्हतंच. बापाने मुकादमाकडून उचल घेतली आणि रातोरात एसटीने पुण्याला जाऊन थर्मासमध्ये बर्फ भरून व्हायल आणली. ५० मिलिग्रॅमची व्हायल, बाळाला दिवसाला लागायचं जेमतेम १ मिलिग्रॅम. तो थर्मास चहाचा होता, आत चहाचा वास होता, मला आजही चहाच्या थर्मासचं झाकण उघडलं की ती सकाळ येते. सोनोग्राफीत दोन्ही किडन्यांत बुरशीचे गोळे. सव्विसाव्या दिवशी गेलं.

आता तू म्हणशील मॅडम, तेव्हा परिस्थिती तशी होती. होतीच. १८ बाळं आणि रात्रपाळीला २ सिस्टर, एका वॉर्मरवर दोन दोन बाळं, लाइन काढली आणि रात्री शुगर पडली तर शीर कोण शोधणार ही भीती काय खोटी नव्हती, आणि माझ्या जागी दुसरं कुणी असतं तरी तेच केलं असतं हे मी वीस वर्षं स्वतःला सांगत आलेय. तरी सिस्टरनी विचारलं होतं. सातव्या दिवशी, सरळ मराठीत विचारलं होतं. मला फक्त "हो" म्हणायचं होतं.

त्यामुळे फ्लुकोनाझोल प्रोफिलॅक्सिस, म्हणजे बुरशी होऊ नये म्हणून आधीच औषध, सगळ्यांनाच चालू करूया का, हा तुझा पुढचा प्रश्न वाचून माझं डोकं फिरलं. परत चालू करायचंच! १००० ग्रॅमच्या आतल्या बाळांत, जिथे बुरशीचं प्रमाण खरंच जास्त आहे तिथे, त्याचा उपयोग होतो, आठवड्यातून दोनदा, वाद नाही. पण आपल्याकडे कँडिडाच्या जातींत अल्बिकन्सपेक्षा बाकीच्याच जास्त सापडतात, ट्रॉपिकॅलिस, पॅराप्सिलोसिस, आता ऑरिस, आणि ऑरिस बहुतेक वेळा फ्लुकोनाझोलला भीक घालत नाही. त्यामुळे रिपोर्टवर नुसतं "कँडिडा स्पीशीज" लिहून आलं तर सही करून फाइलला लावू नकोस, खाली लॅबमध्ये जा आणि कुठली ते विचार.

आणि हात. चंदीगडच्या पीजीआय हॉस्पिटलमध्ये १९९६ ते १९९८, सलग २३ महिने, पिचिया अनोमाला नावाच्या कुणाच्या ध्यानीमनी नसलेल्या यीस्टने (तीही बुरशीच) ३७९ नवजात बाळं आणि मुलं आजारी पडली, आणि ती यीस्ट सापडली कुठे तर स्टाफच्या हातांवर. त्यांनी हे लपवलं नाही, छापलं, म्हणून आपल्याला माहीत आहे. आटोक्यात आलं ते जोखमीच्या बाळांना बुरशीची औषधं देऊन आणि स्टाफला परत परत शिकवून. तू अंगठी घालून राउंड घेतेस, मी बघितलंय.

आत्ता काय करायचं ते पटकन. अ‍ॅम्फो ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच, सलाइनचा थेंब नको, साका बसतो. सावकाश द्यायचं. पोटॅशियम, क्रिएटिनिन बघत राहा. कल्चर रोज, स्टराइल येईपर्यंत, आणि १४ दिवस मोजायचे ते पहिल्या स्टराइल कल्चरपासून, औषध चालू केल्यापासून नव्हे. पाठीचं पाणी, डोळ्यांचा पडदा, हृदयाचा एको, किडनीची सोनोग्राफी, यातलं काहीही "बाळ स्टेबल झाल्यावर बघू" म्हणून टाळू नकोस. मेरोपेनेम आणि व्हँको आज का चालू आहे? बॅक्टेरिया कुठेच आलेले नाहीत ना? मग सरांना विचार.

सरांना कसं विचारू, असं लिहिलंयस. अगं वाद कशाला घालतेस, पुढच्या वेळी "सर, लाइनचा आज बारावा दिवस, राहू दे का?" एवढंच. आकडा ऐकला की माणूस थांबतो. मी थांबले नव्हते ही गोष्ट वेगळी, पण सिस्टरनी दिवस मोजून सांगितला असता तर कदाचित, असो.

दूध पोट उतरलं की लगेच, १ एमएल तर १ एमएल, बोंडलं नंतर, आधी नळीने. आईचं येत नसेल तर मिल्क बँकेत विचार. मुंबईत सायन हॉस्पिटलला १९८९ पासून आहे, त्यामुळे हे काहीतरी परदेशी फॅड आहे असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नकोस.

ब्रांच सोडू का, याचं उत्तर मी देणार नाही. झोप झाल्याशिवाय हा प्रश्न विचारायचाच नसतो.

आणि मेसेजमध्ये सहज लिहून गेलीस, बेड ४ चं बाळ छान आहे, १२० एमएल पर केजी दूध पचतंय, पिक लाइन "सेफ्टीसाठी" ठेवलीय. कितवा दिवस?